एका बाईंनी विचारलंय: लघवीच्या सात प्रश्नांच्या प्रश्नावलीत 15 गुण आले, शेरा 'मध्यम', म्हणजे माझं मूत्राशय नीट रिकामं होत नाही का?

नुसत्या 15 वरून ते सांगता येत नाही. मी लघवीच्या धारेच्या आणि दाबाच्या तपासण्या करते, असे भरलेले कागद रोज हाताखालून जातात. तुमचा कागद पुन्हा उघडा आणि बेरीज बाजूला ठेवून एकेक उत्तर बघा.

सात प्रश्न आणि 'मध्यम' हा शेरा, यावरून तो आयपीएसएस, म्हणजे प्रोस्टेटच्या तक्रारींना गुण देणारी आंतरराष्ट्रीय प्रश्नावली असावा. त्यातले सात प्रश्न अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने 1992 मध्ये प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांसाठी मांडले होते. प्रत्येकाला 0 ते 5 गुण, एकूण 35, आणि 8 ते 19 म्हणजे मध्यम. चार प्रश्न लघवी बाहेर पडण्याचे आहेत: पूर्ण झाली नाही असं वाटणं, थांबून थांबून होणं, धार बारीक असणं, कुंथावं लागणं. उरलेले तीन साठवण्याचे: दोन तासांच्या आत परत जावं लागणं, घाई होणं, रात्री उठणं. या तिघांनाच पाच-पाच दिले तरी झाले 15! म्हणजे जिचं मूत्राशय दरवेळी पूर्ण रिकामं होतं तिचेही 15, आणि जिची लघवी तुंबते तिचेही 15. पण दोघींना एकच औषध चालत नाही. घाई कमी करणाऱ्या काही गोळ्या मूत्राशयाचं आकुंचन मंदावतात; जिची लघवी आधीच अडते, तिची त्यांनी आणखी अडू शकते.

शिवाय बायकांच्या बाबतीत जे विचारायला हवं, ते या कागदात नाहीच. बसल्यावर लघवी सुरू व्हायला वेळ लागतो का? खोकताना गळते का? अंग खाली उतरल्यासारखं वाटतं का, ते बोटाने वर सारल्यावर किंवा पुढे वाकल्यावर लघवी सुटते का? गळतीसाठी पट्टी बसवण्याचं ऑपरेशन झालंय का? शेवटच्या दोन प्रश्नांनी मला कित्येकदा सगळ्या बेरजेपेक्षा जास्त कळतं. बायकांसाठी आयसीआयक्यू-एफएलयूटीएस नावाची वेगळी प्रश्नावली आहे, ती या कामाला बरी. तरीही निदान तिनेही होत नाही.

कारण माणसाला जे जाणवतं आणि मूत्राशय जे करतं, त्यांचा मेळ बसेलच असं नाही. 'अजून राहिल्यासारखी वाटते' म्हणणाऱ्या बाईच्या सोनोग्राफीत काहीच उरलेलं नसतं, आणि भरपूर लघवी उरणारी बाई कधीकधी काहीच तक्रार करत नाही. धार बारीक आहे का, या प्रश्नावर तर बहुतेकजणी गोंधळतात. कुणाच्या धारेशी ताडून बघायचं? वर्षानुवर्षं कुंथायची सवय असलेली बाई त्या प्रश्नाला सरळ शून्य देते.

म्हणून पुढची पायरी साधी आहे: युरोफ्लो, म्हणजे यंत्रात लघवी करून धारेच्या वेगाचा आलेख काढणं, आणि लगेच सोनोग्राफीने उरलेली लघवी मोजणं. युरोफ्लोमध्ये निदान 150 मिलि लघवी व्हायला हवी, नाहीतर आलेखावर भरवसा ठेवता येत नाही. आणि पाणी पिऊन पिऊन, तास-दोन तास अडवून धरल्यावर केलेल्या सोनोग्राफीत लघवी उरली तर घाबरू नका. नेहमीइतकी लागल्यावर जाऊन पुन्हा मोजून घ्या. दोन्हींत खरंच बिघाड दिसला, तर तो मूत्राशयाचा जोर कमी पडल्यामुळे की वाटेत अडथळा असल्यामुळे, हे बारीक नळी घालून केलेल्या दाबाच्या तपासणीत कळतं. सगळ्यांना ती लागत नाही.

कागद फेकू मात्र नका. उपचारानंतर तोच पुन्हा भरला की फरक किती पडला ते कळतं, आणि त्या कामाला तो चांगला आहे.

डॉक्टरांकडे जाताना तीन दिवसांची नोंद न्या: किती वाजता गेलात, मापाच्या भांड्यात किती मिलि झाली, काय आणि किती प्यायलात. चालू गोळ्यांची यादी, मधुमेह, बद्धकोष्ठ, आधीची ऑपरेशनं हेही लिहा. लघवी पूर्ण अडली, रक्त दिसलं, तापाबरोबर कंबर दुखू लागली किंवा पाय आणि जांघेचा भाग बधिर झाला, तर नोंद पुरी व्हायची वाट बघू नका, त्याच दिवशी जा.