‘अबँडन’ या इंग्रजी क्रियापदाचा नेमका अर्थ आणि उगम काय? ‘लीव्ह’पेक्षा ते वेगळे कसे?

हा शब्द मी आधी बोटीवर भोगला आणि मग कोशात पाहिला, म्हणून उत्तर लिहीत आहे.

जुन्या फ्रेंचमध्ये ‘बांदों’ म्हणजे हुकमत, अखत्यार. त्यावरून चौदाव्या शतकात इंग्रजीत आलेल्या या क्रियापदाचा मूळ अर्थ सोडून जाणे हा नसून दुसऱ्याच्या ताब्यात देणे हा आहे. सागरी विम्यात तो आजही टिकून आहे: जहाज गेल्यात जमा झाले की मालक ते ‘अबँडन’ करतो, म्हणजे त्याचे उरलेसुरले विमा कंपनीच्या हवाली करतो.

2019 साली मी सेकंड इंजिनियर असताना मालकाने पगार थांबवला आणि आमची बोट आखातातल्या एका बंदराबाहेर नांगरावर पडून राहिली. बोट कोर्टाच्या जप्तीत होती आणि बदली माणसे आल्याखेरीज बंदराचे अधिकारी आम्हाला उतरू देत नव्हते. डिझेल वाचवण्यासाठी जनरेटर दिवसातून दोनच तास चालवायचो. आचारी दूध पावडरीच्या डब्याने तांदूळ मोजत असे. सातव्या आठवड्यात त्याने डब्याला आतून खिळ्याने रेघ मारली आणि तेथपर्यंतच तो भरू लागला. मी पाच महिन्यांनी घरी पोहोचलो.

थोरले बंधू इंग्रजीचे शिक्षक. ते म्हणाले, “तुम्ही बोटीवरच होतात, जेवत होतात. याला पगार थकणे म्हणतात, अबँडन नव्हे.” दादांचे हे म्हणणे साफ चूक आहे. मालक आम्हाला सोडून गेला नाही, कारण तो बोटीवर कधी नव्हताच. त्याने आम्हाला कोर्टाच्या आणि बंदराच्या स्वाधीन करून हात झटकले, आणि शब्दाचा मूळ अर्थ तोच आहे. 2006 च्या सागरी कामगार कराराची जी दुरुस्ती जानेवारी 2017 पासून लागू आहे, तिच्यानुसारही मालकाने घरी पाठवण्याचा खर्च नाकारणे, अन्नपाण्याविना ठेवणे किंवा किमान दोन महिने पगार न देऊन संबंध तोडणे, यांतली एकच गोष्ट पुरेशी असते.

अर्थात, रोजच्या इंग्रजीत बेत अर्धवट सोडण्यालाही हाच शब्द वापरतात आणि तेथे कुणाच्या हवाली करण्याचा प्रश्न नसतो. पण आपले माणूस बोटीवर असे अडकले, तर तक्रारीत नुसते ‘पगार थकला’ लिहू नका, ‘अबँडनमेंट’ हाच शब्द लिहा. चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार आणि परतीचा खर्च देणारी विम्याची तरतूद त्याच शब्दाशी बांधलेली आहे.