वंगण गावठी नाही हो!

प्रश्न असा: उपग्रहाच्या रिअॅक्शन व्हीलमध्ये, म्हणजे उपग्रहाचं तोंड हवं तिकडे वळवणाऱ्या फिरत्या चाकात, घालतात ते 'द्रव वंगण' की 'द्रव स्नेहक'? वंगण म्हणजे ग्रीसच ना?

नाही! तेल, ग्रीस, मोलिब्डेनम डायसल्फाइडची भुकटी, घर्षण कमी करणारं सगळं वंगणच. 'वंगण म्हणजे ग्रीस' ऐकून कान किटलेत. त्याहून चीड येते ती वंगणाला गावठी ठरवून 'स्नेहक' लिहिणाऱ्यांची.

या गावठी शब्दाचं मूळ बघा. बैलगाडीखाली बांबूचं नळकांडं लटकायचं, त्यात एरंडेलात मुरलेली चिंधी. ती आखाला फासायची, ते वंगण. जुना उच्चार 'ओंगण', क्रियापद 'ओंगणे'. हिंदीत 'औंगना'. हिंदी कोशकार तो 'अंजन'वरून काढतात. मग 'ज'चा 'ग' कुठून झाला म्हणे? त्यांनी चरकसंहिता उघडायला हवी होती. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात अभ्यंगाचे गुण सांगताना चरक म्हणतो, 'भवत्युपाङ्गादक्षश्च', म्हणजे उपांगाने, तेल फासल्याने, आख बळकट होतो तसं शरीर होतं. उपांग, उवंग, ओंग, वंग. 'ग' आयता हजर! धातू तोच, अञ्ज्, माखणे. म्हणजे काजळाचं अंजन, दिवाळीचं अभ्यंग आणि गाडीचं वंगण ही सख्खी भावंडं. 'वंग म्हणजे कथील, त्यावरून वंगण' असं सांगणाऱ्यांनी आखाला कथील फासून गाडी हाकून दाखवावी.

हां, उपग्रह. साधं खनिज तेल निर्वातात हळूहळू उडून जातं. म्हणून परफ्लुओरोपॉलिईथर हे फ्लोरीनयुक्त कृत्रिम तेल वापरतात. त्यातल्या चांगल्या तेलांचा बाष्पदाब २० अंशांना टॉरच्या (दाबाचं एक छोटं एकक) एक लाख कोटीव्या भागाच्या घरात, म्हणजे ती जवळजवळ उडतच नाहीत. पण ते पृष्ठभागावर पसरत भलतीकडे जातं, म्हणून बेअरिंगच्या कडेला त्याला अडवणारा लेप द्यावा लागतो. शिवाय दाबाखाली पोलादाशी त्याची रासायनिक क्रिया होते, लोहाचं फ्लोराइड बनतं आणि तेच पुढे तेल तोडत जातं. यावर उपाय म्हणून अल्किलयुक्त सायक्लोपेंटेनची तेलं आली. त्यांत नेहमीची झीजरोधक द्रव्यं विरघळतात, परफ्लुओरोपॉलिईथरमध्ये ती सहसा विरघळत नाहीत. बेअरिंगला पुरतं काही मिलिग्रॅमच, पण तेवढंच वर्षानुवर्षं टिकायला हवं. वर जाऊन चिंधी कोण फासणार?

तेव्हा 'द्रव वंगण' बिनधास्त लिहा. भुकटीचं 'घन वंगण' असतं, त्यामुळे द्विरुक्तीही नाही.