ब्लॉकमधले आटे गेले? एम१० चा बोल्ट घालण्याआधी हे वाचा

तुमचा प्रश्न असा: अल्टरनेटरच्या ब्रॅकेटचा एम८ (८ मिमी व्यासाचा) बोल्ट कसताना नुसताच फिरत राहिला, इंजिनचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आहे, आणि मिस्त्री म्हणतात की हेलिकॉइलने (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायच्या तारेच्या कॉइलने) ब्लॉक कमजोर होतो, त्यापेक्षा एम१० चे आटे पाडून मोठा बोल्ट घालू. माझं मत स्पष्ट आहे. मोठा बोल्ट नको, हेलिकॉइलच करा. पण त्याआधी निघालेला बोल्ट उजेडात धरून नीट बघा.

बोल्टच्या आट्यांत चांदीसारखी बारीक तार गुंडाळलेली दिसेल. ते ब्लॉकचे उपटून आलेले आटे. ही तार टोकाच्या चार-पाच आट्यांतच असेल, तर बोल्ट आत जातच तेवढा होता. अ‍ॅल्युमिनियममध्ये बोल्ट त्याच्या व्यासाच्या निदान दीडपट आत बसायला हवा, म्हणजे एम८ असेल तर १२ मिमी. आधी कोणीतरी आखूड बोल्ट घातला असण्याची दाट शक्यता आहे. व्हर्नियरची मागची दांडी भोकात घालून खोली मोजा, आत बॅटरी मारून बघा. खाली न वापरलेले चांगले आटे शिल्लक असतील आणि ते पुरेसे असतील, तर ८.८ ग्रेडचा (हा मजबुतीचा आकडा, बोल्टच्या डोक्यावर असतो) थोडा लांब बोल्ट घेतला की काम झालं. फक्त तो तळाला टेकता कामा नये, दोन-तीन मिमी जागा राहू द्या. भोकात तेल किंवा पाणी साचलेलं असेल तर आधी टिपून काढा. आरपार नसलेल्या भोकात द्रव अडकला आणि वरून बोल्ट कसला, तर त्या दाबाने कास्टिंग तडकतं.

आता ‘ब्लॉक कमजोर होतो’ या भीतीबद्दल. एम१० साठी भोक ८.५ मिमीचं पाडतात. एम८ च्या हेलिकॉइलसाठी ८.३ किंवा ८.४ मिमीचं. हेलिकॉइलच्या टॅपचा (आटे पाडायच्या हत्याराचा) बाहेरचा व्यास साधारण ९.६ मिमी, एम१० चा १०. म्हणजे ब्लॉकमधून धातू जवळजवळ तेवढाच जातो, उलट थोडा कमीच. शिवाय मोठा बोल्ट घातला की ब्रॅकेटचं भोकही ११ मिमीपर्यंत वाढवावं लागतं, आणि उद्या ब्रॅकेट बदललं की पुन्हा तेच. हेलिकॉइलमध्ये बोल्ट मूळचाच राहतो. ब्लॉकमधले आटे मोठ्या व्यासाचे होतात आणि बोल्ट स्टेनलेसच्या तारेत फिरतो, त्यामुळे पुढे बोल्ट काढता-घालताना अ‍ॅल्युमिनियम झिजत नाही. नीट बसवलेलं हेलिकॉइल मूळ आट्यांपेक्षा जास्त ओढ सहन करतं.

हेलिकॉइलचं किट घेताना पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, तपासा. एम८ मध्ये १.२५ आणि १.० मिमी दोन्ही मिळतात. थ्रेड गेज लावून खात्री करा. टॅप किटमधलाच वापरायचा, साधा एम९ किंवा एम१० चा टॅप इथे चालत नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला आणि पुण्यात बोहरी आळीत हत्यारांच्या दुकानांत चौकशी करा.

खरी गोम आहे भोक सरळ पाडण्यात. हातातलं ड्रिल नुसत्या नजरेने धरलं की हमखास तिरकं जातं. २५ मिमी जाडीचा लोखंडी तुकडा घ्या, त्याला ड्रिल मशीनवर बिटाच्या मापाचं सरळ भोक पाडून घ्या, आणि तो ब्लॉकच्या तोंडावर क्लॅम्पने घट्ट धरून त्यातून ड्रिल चालवा. टॅपसाठीही असाच, त्याच्या मापाचा तुकडा करा. बिटावर खोलीच्या मापाला चिकटपट्टी गुंडाळा. मूळ भोकापेक्षा खोल जाऊ नका, पलीकडे पाण्याचं जॅकेट किंवा तेलाची वाट असू शकते.

टॅप चालवताना रॉकेल घाला, अ‍ॅल्युमिनियमला ते उत्तम. (ब्लॉक बिडाचा असता तर कोरडंच चाललं असतं.) टॅपच्या खाचांत ग्रीस भरा, चुरा त्यात चिकटून बाहेर येतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. अडलं की जोर करू नका, काढून साफ करा. आत मोडलेला टॅप काढणं हे गेलेल्या आट्यांपेक्षा कितीतरी मोठं दुखणं आहे. आजूबाजूची उघडी भोकं कापडाने बंद ठेवा.

कॉइल किटमधल्या हत्याराने फिरवत बसवा, खाली दाबू नका. दाबली की ती आट्यावरून उडी मारते. तोंडापासून पाव ते अर्धा फेरा आत गेली की थांबा. मग तळाची शेपटी पंचच्या एका ठोक्याने तोडा आणि आठवणीने बाहेर काढा.

एम-सील किंवा इपॉक्सीचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. बेल्टची ओढ, इंजिनचा ताप आणि थरथर यांपुढे ते टिकत नाही. वेल्डिंग फक्त ब्लॉकचा कान (बोल्टचं भोक असलेला पुढे आलेला भाग) तुटला असेल तरच.

हेड बोल्टचे (सिलिंडर हेड ब्लॉकवर धरणाऱ्या बोल्टचे) आटे गेले असते तर मी घरी करा असं म्हटलंच नसतं. टोयोटाच्या २एझेड-एफई इंजिनात, ते असलेल्या सुरुवातीच्या कॅमरी गाड्यांमध्ये, ब्लॉकच्या मागच्या बाजूचे हेड बोल्ट आटे घेऊन उपटून येत. त्याला अखंड धातूचा बुश लागतो आणि ब्लॉकवर बसवायची ड्रिलची जिग (ड्रिल सरळ धरणारा साचा) लागते. तुमच्या ब्रॅकेटला तेवढी गरज नाही.

बोल्ट आधी हाताने पूर्ण आत जाऊ द्या, मग टॉर्क पाना (किती जोराने कसलं ते मोजणारा) लावा. कंपनीचा आकडा मिळाला तर तोच धरा. नाहीतर २० न्यूटन-मीटरच्या आसपास थांबा. एअर गन इथे नकोच.

मिस्त्रींना सांगायच्या आधी भोकाची खोली, बोल्टची लांबी आणि ब्रॅकेटची जाडी मोजून इथे लिहा. लांब बोल्टवर भागतं की कॉइल लागते, ते त्या तीन आकड्यांवरून बरंचसं कळेल.