हिग्ज कण मूलभूत की संयुक्त?

प्रोटॉन आणि पायॉन नावाचा हलका कण हे क्वार्क या आणखी छोट्या कणांचे बनलेले निघाले, तर इतर कणांना वस्तुमान देणारा हिग्ज तेवढा मूलभूत कशावरून, असे आपण विचारले आहे. शंका रास्त आहे, आणि हिग्ज सापडण्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे.

नागपुरातल्या एका महाविद्यालयात उन्हाळी जादा तासांना, कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून, मी फळ्यावर एक छोटी आकडेमोड करीत असे. हिग्ज नसताच, तरी क्वार्कांना बांधणाऱ्या तीव्र बलाने, दुर्बल बल वाहून नेणाऱ्या डब्ल्यू कणाला थोडे वस्तुमान दिलेच असते. पायॉनशी निगडित ९३ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट (कणांचे वस्तुमान याच एककात मोजतात; असे हजार म्हणजे एक गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट) हा स्थिरांक घ्यावा, त्याला दुर्बल बलाच्या ०.६५ या युग्मनांकाने, म्हणजे त्या बलाचा जोर सांगणाऱ्या आकड्याने, गुणावे आणि निम्मे करावे; उत्तर सुमारे ३० मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते. प्रत्यक्षात हवेत ८० हजार! यंत्रणा बरोबर, पण २,६०० पटींहून अधिक दुबळी. मग तशाच, पण तितक्या पट जोरकस अशा नव्या बलाची कल्पना स्टीव्हन वाइनबर्ग आणि लेनर्ड ससकाइंड यांनी १९७० च्या दशकात मांडली. तिचे नाव टेक्निकलर. क्वार्कांना वस्तुमान देताना ती अडखळली, आणि २०१२ मध्ये १२५ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा हलका हिग्ज सापडल्यावर तिचे साधे रूप जवळपास निकालात निघाले.

कारण बद्ध अवस्थेचे, म्हणजे घटक एकत्र बांधून बनलेल्या कणाचे, वस्तुमान सहसा बांधणाऱ्या बलाच्या मोजपट्टीइतके, म्हणजे त्या बलाला साजेशा ऊर्जेइतके, असते. पायॉन मात्र अपवाद आहे: घटक क्वार्क त्याच जातीचे असूनही प्रोटॉन ९३८ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा आणि पायॉन जेमतेम १४० चा, कारण पायॉन हा मोडलेल्या सममितीचा अवशेष असतो, आणि असे अवशेष हलके असतात. हिग्जही तसाच असावा, हे डेव्हिड कॅप्लन आणि हॉवर्ड जॉर्जी यांनी १९८४ मध्ये सुचवले, आणि संयुक्त हिग्जची आजची बहुतेक प्रारूपे याच वाटेने जातात. (सर्वांत जड असा टॉप क्वार्क आणि त्याचा प्रतिक्वार्क यांची जोडी म्हणजेच हिग्ज, ही कल्पना मला सर्वांत देखणी वाटे, पण तिच्या मूळ रूपात टॉपचे वस्तुमान २०० गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर येते, प्रत्यक्षात ते १७३ आहे.)

हे तपासायचे कसे? हिग्ज संयुक्त असेल, तर डब्ल्यू आणि दुर्बल बलाचाच दुसरा वाहक झेड या कणांशी त्याचे युग्मन प्रमाणित प्रारूपापेक्षा, म्हणजे मूलभूत कणांच्या आजच्या सर्वमान्य सिद्धांतापेक्षा, किंचित कमी भरले पाहिजे. ज्या सममितीचा हिग्ज हा अवशेष, ती मोडण्याची मोजपट्टी १,००० गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरली, तर ही तूट सुमारे ३ टक्के येते. जिनिव्हाजवळच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरमध्ये ती अद्याप निश्चितपणे दिसलेली नाही, आणि अशा प्रारूपांना अपेक्षित असलेले टॉपचे जड जोडीदार कणही सापडलेले नाहीत. मोजपट्टी वर सरकवून प्रारूप वाचवता येते. पण जितकी सरकवावी, तितका हिग्ज इतका हलका का, हा ज्यासाठी सारा खटाटोप केला तोच प्रश्न पुन्हा दारात येऊन उभा राहतो.