गुन्हेगारीची जैविक स्पष्टीकरणं: सुरुवात कुठून करावी

परीक्षेत या विषयावर उत्तर लिहिताना, गुन्हेगार चेहऱ्यावरून ओळखता येतो असं मानणाऱ्या लोम्ब्रोसो या इटालियन डॉक्टरवर (१८७६) फार वेळ घालवू नका. त्याने कैद्यांचे जबडे आणि कवट्या मोजल्या, पण तुलनेसाठी सामान्य लोकांचा गट नीट घेतला नाही. गोरिंग या इंग्लंडमधल्या तुरुंग-डॉक्टरने १९१३ मध्ये सुमारे ३,००० कैदी तपासले. 'गुन्हेगारी चेहरा' काही सापडला नाही. इतकं पुरे.

खरी सुरुवात जुळ्यांपासून करा. क्रिस्टियनसेनच्या डेन्मार्कमधल्या अभ्यासात (१९७७) जुळ्या भावांपैकी एक गुन्हेगार असेल तर दुसराही असण्याचं प्रमाण एकसारख्या जुळ्यांत ३५ टक्के आणि वेगळ्या दिसणाऱ्यांत १३ टक्के होतं. नवखे इथेच घसरतात: ३५ म्हणजे 'गुन्हेगारी ३५ टक्के आनुवंशिक' नव्हे! दोन आकड्यांतला फरक बघा, आणि एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ सारखीच असूनही ३५ हा १०० पासून किती लांब आहे तेही. शिवाय एकसारखे जुळे वाढतातही जास्त सारख्या वातावरणात.

ती अडचण दत्तक मुलांचे अभ्यास बरीच कमी करतात, कारण ही मुलं जन्मदात्यांच्या घरी वाढत नाहीत. मेडनिकच्या अभ्यासात (१९८४) जन्मदात्यांच्या आणि मुलांच्या गुन्ह्यांचा संबंध दिसला, पण चोरीसारख्या गुन्ह्यांपुरता, हिंसेत नाही. हे वाक्य उत्तरात हमखास राहून जातं.

आणखी दोन चुका टाळा:

- 'गुन्हेगारीचं जनुक' लिहू नका. एमएओए (मेंदूतली काही रसायनं मोडणाऱ्या विकराचं जनुक) याचा परिणाम कास्पीच्या अभ्यासात (२००२) मुख्यतः बालपणी छळ झालेल्या मुलांमध्ये दिसला.
- मेंदूच्या स्कॅनमधला फरक म्हणजे कारण नव्हे. डोक्याला मार किंवा व्यसन यांमुळेही तो येऊ शकतो.

हार्मोन्स आणि सेरोटोनिन (मेंदूतलं एक रसायन) सध्या बाजूला ठेवा.