आधी पाकीट उघड

रामबाग, इंदूर

प्रिय बेटा,

परवा रात्री अकरा वाजता तुझा फोटो आला. तुझा म्हणजे गाडीचा. हजार सीसी, चार सिलिंडर, काळीकुळकुळीत, कुणाच्या तरी पांढऱ्या फरशीवर उभी. खाली तू लिहिलंस, ‘काका, दुबईहून आली आहे, फक्त १,२०० किलोमीटर चाललीय, शोरूमपेक्षा बरीच स्वस्त, पेपर क्लियर आहेत. घेऊ का?’ मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. मेसेज दिसला नाही असं नाही, चांगलाच दिसला. पण ‘पेपर क्लियर आहेत’ वाचलं आणि डोकं फिरलं. फिरलेल्या डोक्याने मोबाइलवर लिहायला बसलो की नको ते जातं, म्हणून हे पत्र.

एवढी जड गाडी तू चालवावीस का, इतके पैसे आत्ताच घालावेत का, यावर मी एक अक्षर लिहिणार नाही. ते घरी ऐकून झालं असेल. दहाव्या वर्षी आमच्या मागच्या पडवीत बसून जी पोरगी मला न विचारता बरोबर नंबरचा पाना पुढे करायची, तिला मी तसलं काही सांगायला लागलो तर मलाच हसू येईल. जाम गेटचा घाट तू माझ्यापेक्षा नीट उतरतेस. मला विचारायचंय ते एवढंच, की पाकीट उघडलंस का?

कारण पाकीट असणारच. अशा प्रत्येक दलालाकडे एक खाकी पाकीट असतं. त्यावर तळहात आपटून तो म्हणतो, सगळं यात आहे. आपण गाडीकडे बघत असतो, आणि हे त्यालाही ठाऊक असतं.

त्या पाकिटात ‘बिल ऑफ एंट्री’ हा कागद हवा. कस्टम्सने माल देशात सोडला तो काय म्हणून, किती किमतीचा, त्यावर किती कर भरला, हे त्यावर छापलेलं असतं. मालाच्या वर्णनाशेजारी आठ आकडी क्रमांक असतो, त्यातले पहिले चार आकडे वाच. ८७११ म्हणजे मोटरसायकल. ८७१४ म्हणजे सुटे भाग. फरक तीनाचा आहे, आणि माझं वीस वर्षांहून जुनं दुखणं त्या तीनात आहे.

तुला माझी लाल गाडी माहीत आहे, ती रस्त्यावर का येत नाही हे माहीत नाही. ‘पार्ट मिळत नाहीत’ असं मी सगळ्यांना सांगत आलो. खोटं होतं ते.

२००१ साली मी मुंबईत एका दलालाकडे ती बघितली. होंडाची सीबीआर ४००, जपानच्या बाजारासाठी बनवलेली, चेसिसवर एनसी२९ने सुरू होणारा नंबर. चार सिलिंडर, आणि इंजिनाच्या झडपा उघडणारे कॅमशाफ्ट साखळीवर नाहीत, गिअरवर. त्या गिअरांची बारीक शीळ ऐकली आहेस तू. आपल्याकडे तेव्हा शंभर सीसीची फटफटी प्रत्येक घरात होती, आणि हिचा इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चौदा हजारांपुढे जायचा. दलालाने पाकीट दिलं, स्टेपल मारलेलं. मी ते काखेत धरलं आणि पुन्हा एकदा स्टार्टर दाबला. गाडी ट्रकमधून एबी रोडने इंदूरला आली, पाकीट कपाटात गेलं.

आरसी दुसऱ्या राज्याची होती, तिसऱ्याच माणसाच्या नावाची. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांवर इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो, हा नियम मला पाठ होता. तरी तीन वर्षं टाळलं. २००४मध्ये गेलो. खिडकीमागच्या माणसाने इम्पोर्टचे कागद मागितले, मी पाकीट सरकवलं. स्टेपल त्याने काढला. बेटा, माझ्या गाडीचं पाकीट पहिल्यांदा उघडलं ते त्या माणसाने. त्याने वाचलं आणि काहीशा दयेनेच म्हणाला, ‘ये तो पार्ट्स का बिल है, भिया.’

गाडी खोलून सुट्या भागांच्या नावाने आणलेली, इथे जोडलेली, आणि कुठल्या तरी आरसीवर चढवलेली. कस्टम्सचा जप्तीचा हात मालावर पडतो. तो माल कोणी किती भोळेपणाने विकत घेतला, हे नंतर.

आता तुझ्या दुबईवालीकडे येतो. ‘जवळपास नवी’ असा आयातीत प्रकार नाही. एक नवी असते, एक जुनी. नवी म्हणजे कुठल्याही देशात आधी न विकलेली, न नोंदवलेली. १,२०० किलोमीटर कोण चाललं, आणि कुठल्या नंबरप्लेटवर? दुबईत नोंद झाली असेल तर ती आपल्या कायद्याला जुनी. जुनीला बनल्यापासून तीन वर्षांची मर्यादा, आणि ती मुंबई बंदरातूनच उतरली पाहिजे. तिसरी एक जात कार्नेवर, म्हणजे तात्पुरत्या आयातीच्या कागदावर येणाऱ्यांची. परदेशी प्रवासी गाडी घेऊन येतो, ती सहा महिन्यांत देशाबाहेर न्यायची असते. ती कुणी तुला विकू लागला, तर तो तुला परत पाठवायची वस्तू विकतोय. तुझी यातली कुठली? फोटो बघून सांगता येत नाही. पाकीट उघड.

आणि दुबईत वाहनं उजवीकडून चालतात. तिथल्या दिव्याचा झोत उजवीकडे उचललेला असेल तर आपल्याकडे तो समोरच्याच्या डोळ्यांत. आयातीच्या अटीतच लिहिलंय, दिवा डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीचा हवा. शिवाय आपल्याकडे १ एप्रिल २०२०पासून धुराचा बीएस ६ नियम. आखाती देशांसाठी बनलेल्या गाडीकडे त्या तोडीचं प्रमाणपत्र असेलच असं नाही. विचारलंस का? नसशील विचारलं. फोटो पाठवलास.

रागावू नकोस. मी तर स्टार्टर दाबत बसलो होतो.

स्वस्ताईचं गणित तुला माझ्यापेक्षा चांगलं यायला हवं, सुपर कॉरिडॉरवरच्या ऑफिसात दिवसभर आकडेच करतेस. २०२५च्या अर्थसंकल्पात १,६०० सीसीपर्यंतच्या बाहेरून तयार येणाऱ्या मोटरसायकलवरची आयात ड्यूटी ५० टक्क्यांवरून ४० झाली. त्याच वर्षी सप्टेंबरपासून ३५० सीसीच्या वरच्या दुचाकीवर जीएसटी ४० टक्के. जहाजाचं भाडं आणि विमा धरून गाडी बंदरात १०० रुपयांना पडली तर ड्यूटीसकट १४०, त्यावर जीएसटी ५६, झाले १९६. जवळजवळ दुप्पट. हे नवीचं, जुनीला ड्यूटी याहून चढी. वर आपल्या राज्याचा रोड टॅक्स. शोरूमवाल्यालाही यातून सुटका नाही, आणि त्याची गाडी भारतात जुळवलेली असली तर त्याला ड्यूटी उलट कमी लागते. मग एकटी गाडी आणणारा दलाल ‘बरीच स्वस्त’ कुठून देतो? कुठली तरी पायरी गाळल्याशिवाय नाही. एक तर बिल कमी किमतीचं दाखवलंय, नाहीतर ८७१४.

आता तुझ्या बाजूने बोलतो, नाहीतर म्हणशील काका म्हातारपणी कडू झाले.

कंपनीने जे इथे आणलं तेवढंच चालवायचं, हे मला कधीच पटलं नाही. जपानमध्ये लोक कसल्या कसल्या गाड्या चालवतात! पुन्हा वाहतूक आपल्यासारखी डावीकडून, त्यामुळे दिव्याची कटकट नाही. २५० सीसीच्या वरच्या गाडीची तिथे तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी होते, त्यामुळे माणसं गाड्या राखतात आणि कागदही राखतात. माझ्या गाडीचा एकही बोल्ट आधीच्या मालकाने चेचलेला नव्हता, हे उघडल्यावर दिसलं. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या बऱ्याच गाड्यांना १८० किलोमीटरवर लगाम असतो म्हणून पोरं कुरकुरतात. १८०च्या पुढे तुला जायचंय कुठे? फार हौस असेल तर पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे, तिथे नोकरी धर.

सरळ मार्ग आहे, आणि लोक तो वापरतात. २००७मध्ये आपल्या सरकारने ८०० सीसी आणि वरच्या मोटरसायकलींना वाट मोकळी केली, त्या बदल्यात अमेरिकेने आपला आंबा घेतला. हापूस तिकडे गेला आणि हार्ली इकडे आली. कोकणातल्या माझ्या साडूला हा सौदा अजून पटलेला नाही. असो. नीट आयात करणारा माणूस तुला फसवायला बसलेला नसतो. कर भरल्याची पावती, परदेशातलं मूळ बिल, चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र तो टेबलावर मांडतो आणि चहा पीत बसतो, तू वाचेपर्यंत. चहा पिणारा माणूस शोध. ‘टोकन आज द्या, दुसरं गिऱ्हाईक आहे’ म्हणणाऱ्याकडून उठून ये.

अशा चांगल्या माणसाकडूनही घेतलीस, तरी पुढचं ऐक. अधिकृत शोरूम वॉरंटी देणार नाही. कंपनीने एखादा दोष निघाला म्हणून गाड्या परत बोलावल्या, तर इथल्या यादीत तुझा चेसिस नंबर नसेल, तुलाच शोधत बसावं लागेल. किल्ली हरवली तर इंजिनाच्या कॉम्प्युटरशी जुळणारी दुसरी कुठून आणशील, हे आजच विचार. ब्रेक पॅड, चेन-स्प्रॉकेट, टायर यांची चिंता नको, ती जमतात. रडवतात ती प्लॅस्टिकची अंगं आणि वायरिंग. माझा रेग्युलेटर जळला तेव्हा मी दुसऱ्याच गाडीचा, भलत्या आकाराचा, सीटखाली बसवला. क्लचची केबल आपल्या छावणी भागातल्या एकाने जुनीवर माप घेऊन बनवून दिली, मूळच्यापेक्षा हलकी चालते. पण तुझ्या गाडीत कार्ब्युरेटर नाही, पेट्रोल कॉम्प्युटर सोडतो. तिथे छावणीवाला काय करणार?

पेट्रोलचंही बघ. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं येतं. गाडीच्या माहितीपुस्तकात किती चालतं ते लिहिलेलं असतं, आणि बाहेरच्या गाड्यांवर बहुधा दहाच लिहिलेलं असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळाभर टाकी भरून गाडी उभी ठेवलीस तर काय होतं, ते माझ्याकडे येऊन बघ. माझी रबरं फुगून बिस्किटासारखी झाली होती.

विमा कंपनी हप्ता हसत घेईल. धडक बसल्यावर सर्व्हेयर येतो आणि तो पाकीट उघडतो. बघ, शेवटी कुणी ना कुणी उघडतंच. तूच पहिली हो, एवढंच माझं म्हणणं.

तुझ्या मनात आलंच असेल, काका, मग ती विकून का नाही टाकलीत? कुणाला विकू? दलालाने मला जे पाकीट दिलं तेच स्टेपल मारून पुढच्या पोराला देऊ? तिघे आले होते, एकाने तर रोख आणली होती. नाही दिली. तुझी काकू म्हणाली भंगारात द्या, तेही जमलं नाही. त्या गाडीचे चारही कार्ब्युरेटर मी अकरा वेळा उघडलेत. त्यांचे डायफ्रॅम, म्हणजे पातळ रबरी पडदे, बोटात धरून उन्हासमोर बघितलेत, सुईच्या टोकाएवढं भोक शोधायला. हेड उतरवून गिअरच्या खुणा जुळवल्या, जपानी पुस्तकातली फक्त चित्रं बघून. पिथमपूरच्या कारखान्यात तीस वर्षांत शिकलो नाही ते पडवीत शिकलो, आणि त्यातलं थोडं तुलाही दिलं. मग तो पैसा वाया गेला असं मी का म्हणू? नाही म्हणत. काकू म्हणते, म्हणू दे. पण एवढं सगळं उघडणाऱ्या माणसाला एक स्टेपल काढता आला नाही तीन वर्षं, हे रात्री झोप लागत नाही तेव्हा आठवतं.

तर हे कर. दलालाला सांग, बिल ऑफ एंट्रीचा नंबर, तारीख आणि बंदर कळव. कस्टम्सच्या आइसगेट या संकेतस्थळावर तो नंबर खरा आहे का ते कळतं. कळवायला का-कू केली तर तेच उत्तर समज. कळवलं तर प्रत्यक्ष जा, चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घास, आणि तो ठसा बिलावरच्या नंबराशी अक्षर-अक्षर ताडून बघ. हे सगळं इंजिन सुरू करण्याआधी. एकदा का आवाज ऐकलास की कामातून गेलीस. मी तुला ओळखतो, माझ्याच पडवीत वाढलीस.

रविवारी मी घरी आहे. पोहे खाऊन ये किंवा इथे खा, पण पाकीट घेऊन ये, उघडलेलं. आणि माझा दहा नंबरचा टी-पाना दिवाळीपासून तुझ्याकडे आहे, तोही आण.

तुझा,
काका