विदेशी शेव्हिंग क्रीम सोडलं, आता फेसच टिकत नाही!

प्रश्न: भाऊ, मी भुसावळचा. सात-आठ वर्षं इटलीची हिरवी ट्यूब वापरली, आता परवडत नाही म्हणून कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून शंभराच्या आतली देशी आणली तर अर्धी दाढी होईतो फेस गालावरच वाळून पापडी होते. स्वस्तातलं क्रीम असंच असतं का?

उत्तर: काय भो, क्रीमला शिव्या घालण्याआधी बादलीतलं पाणी बघा की! बोअरचं, म्हणजे जड असणार. जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला धरून त्याची चिकट साय करतं, मग फेस कुठून येणार? तुमच्या गिझरच्या नळाला पांढरा थर चढलेला असेल तोही याच जड पाण्याचा. एक दिवस वाटीभर आरओ फिल्टरच्या पाण्यात ब्रश बुडवून दाढी करा, फरक कळेल. बोअरचंच वापरायचं तर क्रीम थोडं जास्त घ्या. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ला टेकतो तेव्हा पंख्याखाली कुठलाच फेस टिकत नाही, एकेका गालाला लावा न् लगेच उरका.

बाकी दोन्ही ट्यूबांचा मसाला बराचसा तोच, स्टिअरिक ॲसिड, पोटॅशचा क्षार, ग्लिसरीन. विदेशीत निलगिरी-मेन्थॉलचा गारवा जास्त न् भाडं-ड्युटी वेगळी. गारवा हवा तर शेवटी तुरटीचा खडा ओला करून फिरवा. नवीन सुगंधाने खाज सुटते का ते आधी कानामागे लावून बघा. मी स्वतः गोदरेजवर आहे, वास जरा आजोबांच्या कपाटासारखा येतो, पण घरच्यांनी अजून तक्रार नाही केली.